रेफ्युजच्या कडेला बदकांचा ब्लाइंड लावायचाय? मग हे आधी वाचा

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की दोन-तीन ओळखीच्यांचे मेसेज येतातच, "अरे तू बदकांच्या शिकारीला जातोस ना, मला पण यायचंय, काय काय लागतं?" आणि मी दरवेळी तेच ते परत टाइप करत बसतो, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी मूळचा पैठणकडचा, म्हणजे नाथसागरावर थंडीत येणारी बदकं बघत मोठा झालेला, आणि आता बरीच वर्षं सॅक्रामेंटोजवळ राहतोय. इथून इंटरस्टेट ५ ने उत्तरेला तास-दीड तास गेलं की विलोज, मॅक्सवेल, कोलुसा ही गावं लागतात आणि दोन्ही बाजूंना नुसती पाण्याने भरलेली भातखाचरं. कॅलिफोर्नियात भात म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना खोटं वाटतं पण खरंच आहे, आणि कापणीनंतर पेंढा जाळायला १९९१ च्या कायद्याने हळूहळू बंदी आली म्हणून शेतकरी खाचरात पाणी सोडून तो कुजवतात, आणि त्या पाण्यावर लाखोंनी बदकं आणि हंस उतरतात. या खाचरांच्या मधोमध सॅक्रामेंटो नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज आहे, म्हणजे केंद्र सरकारने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेली जागा, १९३७ सालची. मी जे काय शिकलो ते या भागात, त्यामुळे उदाहरणं इथलीच देणार.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारणारच. यातलं काहीही भारतात करायचं नाही. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि तिथली बदकं बघायची ती दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून. हे सगळं अमेरिकेपुरतं आहे, जिथे शिकार कायदेशीर आहे पण नियमांचं जंगल असं आहे की विचारू नका.

त्या जंगलात मला सापडलेली पायवाट ही: ब्लाइंडच्या आत तुम्ही काय करता, थर्मासमधून चहा पिता की डुलक्या घेता, याच्याशी कायद्याला फार देणंघेणं नाही. तुमच्या ब्लाइंडमधून बाहेर काय जातं, याच्याशी आहे. दाणे, छरे, आवाज, जखमी पक्षी, रिकामी काडतुसं. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करावेच लागत नाहीत, आपोआप सुचतात.

ब्लाइंड म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांसाठी, आपल्याकडे पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक लपण लावतात ना, तेच. पक्ष्याला माणूस दिसू नये म्हणून केलेला आडोसा. कोणी गवताच्या रंगाचं कापड चार काठ्यांवर ताणतं, कोणी होडीलाच पेंढा बांधून घेतं, आणि इथल्या भातशेतात तर बांधामध्ये लोखंडी टाकी पुरून तिच्यात बसतात, त्याला पिट ब्लाइंड म्हणतात. बाहेरून बघितलं तर बांधावर नुसती चार डोकी.

आधी कागद

कागद नाही तर ब्लाइंड नाही, म्हणून हे आधी. पहिल्यांदा लायसन्स काढताना हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतं. मग राज्याचं हंटिंग लायसन्स, त्यावर राज्याचं डक व्हॅलिडेशन (बदकांसाठीची वेगळी परवानगी), मग एचआयपी नावाची स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची एक नोंदणी (फुकटातल्यासारखी वाटते म्हणून लोक विसरतात, विसरू नका), आणि वय १६ किंवा जास्त असेल तर फेडरल डक स्टॅम्प. हा स्टॅम्प १९३४ पासून आहे, तेव्हा एक डॉलरला होता, आता २५ डॉलर, आणि त्यातल्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात किंवा भाड्याने घेण्यात जातात, आजपर्यंत ६० लाख एकरांहून जास्त जमीन यातून राखली गेलीय. म्हणून मी शिकार न करणाऱ्या मित्रांनाही सांगतो की स्टॅम्प घ्या, ज्या रेफ्युजला प्रवेश फी असते तिथे तो पास म्हणून चालतो. कागदाचा स्टॅम्प घेतला तर त्यावर शाईने सही करावी लागते. मी पहिल्या वर्षी सही न करता कोराकरकरीत स्टॅम्प पाकिटात जपून ठेवला होता, जसं काही पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह करतोय, आणि वॉर्डनने, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, बघून पेन पुढे केलं. नशीब, पेनच पुढे केलं.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे इथल्या कुठल्याही गाइडमध्ये सहसा दिसत नाही कारण लिहिणाऱ्यांना गरजच नसते. तुम्ही एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. चालू, हा शब्द लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियाचं वार्षिक लायसन्स १ जुलै ते ३० जून असं असतं, म्हणजे सीझन जानेवारीत संपला, तुम्ही बंदूक कपाटात ठेवून विसरलात, ३० जून उलटला आणि लायसन्स रिन्यू केलं नाही तर १ जुलैला तुम्ही काहीही न करता, घरात सोफ्यावर बसून, कायदा मोडताय. काडतुसांचा एक डबा गॅरेजमध्ये राहिला तरी तेच. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. पण व्हिसावाल्यांनी बंदूक विकत घ्यायच्या आधी किंवा मित्राची हातात घ्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करावा, दोनशे डॉलर गेले तरी जाऊ देत.

बंदुकीबद्दल थोडक्यात. शॉटगन १० गेजपेक्षा मोठी नको (गेज हे नळीचं माप, आकडा जितका लहान तितकी नळी मोठी), आणि तिच्यात एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, त्यासाठी मॅगझिनमध्ये प्लग घालतात. तीनच भरली होती हे उत्तर चालत नाही, चौथं मावलं की संपलं. वॉर्डन स्वतः घालून बघतात. शिसं बंद, बदकांसाठी अख्ख्या देशात १९९१ पासून, कारण बदकं पाण्याच्या तळाचे खडे गिळतात तसे छरेही गिळायची आणि विषबाधेने मरायची. स्टील, बिस्मथ, टंगस्टन चालतं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही, त्यामुळे जुन्या जॅकेटच्या खिशात एखादं शिशाचं काडतूस राहिलंय का ते बघून घ्या.

रेफ्युजच्या आत

लोकांना वाटतं रेफ्युज म्हणजे अभयारण्य, मग तिथे शिकार कशी? मला पण पहिल्यांदा धक्काच बसला होता. पण इथला हिशोब वेगळा आहे. ज्या रेफ्युजची जमीन पक्ष्यांसाठी निर्वेध आसरा म्हणून घेतलीय तिथे साधारणपणे जास्तीत जास्त ४० टक्के भागच स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला उघडता येतो, बाकी बंद. आणि १९९७ च्या कायद्याने शिकार ही रेफ्युजवरच्या मान्य उपयोगांपैकी एक आहे, पक्षीनिरीक्षण आणि फोटोग्राफी असते तशीच. म्हणजे एकाच रेफ्युजच्या एका टोकाला शाळेची सहल दुर्बिणी घेऊन आणि दुसऱ्या टोकाला आम्ही चिखलात. मात्र जे रेफ्युज नियमात स्पष्टपणे उघडं लिहिलेलं नाही ते बंदच समजायचं.

सॅक्रामेंटो, डेलेव्हन, कोलुसा, सटर या रेफ्युजवर बुधवार, शनिवार, रविवार असे तीनच दिवस शिकार असते. आधी सोडतीत अर्ज करायचा, नंबर लागला तर पहाटे चेक स्टेशनवर हजर व्हायचं, आणि नंबर नाही लागला तर रांगेत उभं राहून कोणी आलं नाही तर त्याची जागा मिळते का बघायचं. त्या रांगेला इथले लोक स्वेट लाइन म्हणतात, डिसेंबरच्या थंडीत घाम कुठला येणार पण नाव तेच. इथल्या शिकारीचा पास (डक स्टॅम्प नव्हे, हा वेगळा) आधीच विकत घेऊन ठेवा, चेक स्टेशनवर पास विकत नाहीत, आणि हे कळायला मी एकदा पहाटे दोनला उठून तिथवर गाडी मारलेली आहे.

आता ब्लाइंडचं. काही जागी रेफ्युजने बांधलेले ब्लाइंड असतात, नंबरवाले, तिथे तुम्हाला नेमून दिलेल्या ब्लाइंडमध्येच बसायचं. बाकी मोकळ्या भागात तुम्ही तुमचा आडोसा नेऊ शकता पण तो उचलून नेता येण्यासारखा हवा आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर परत यायला हवा. कायमचं काही उभं करायचं नाही, खड्डा खणायचा नाही. "उद्या परत येतोय ना, राहू दे डिकॉय" (म्हणजे खऱ्या बदकांना भुलवायला मांडलेली खोटी बदकं) हे चालत नाही, मागे ठेवलेलं सामान म्हणजे टाकून दिलेलं सामान असा सरळ अर्थ लावतात. झाडात खिळा, स्क्रू, काहीही धातूचं ठोकायचं नाही, हा नियम देशातल्या सगळ्या रेफ्युजना आहे आणि खिळा तुम्ही ठोकला नसेल, आधीच कोणी ठोकून ठेवलेला असेल, तरी त्याच्या आधाराने झाडावर बसून शिकार करणंही बंद.

आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते म्हणजे गवत. तुमच्यासमोर माणूसभर उंच पाणकणीस उभं आहे, हातात कोयता आहे, ब्लाइंडला आडोसा कमी पडतोय, कोणाला मोह होणार नाही? पण परवानगीशिवाय रेफ्युजवरची झाडंझुडपं कापणं, उपटणं, नेणं बंद आहे. ते उभं गवत हाच तुमचा आडोसा, त्याच्या आत जाऊन बसा, त्याला कापून बाहेर आणू नका. मी आता एका लहान स्टुलावर बसतो, अंगावर गवताच्या रंगाचं जाळीचं कापड आणि तोंडावर मास्क, बास. खरं सांगायचं तर बदकांना ब्लाइंड दिसत नाही, त्यांना वर बघणारा पांढरा चेहरा दिसतो. आपला सावळा आहे, तेवढा फायदा.

राज्याच्या मालकीच्या वाइल्डलाइफ एरियांचे नियम फेडरल रेफ्युजपेक्षा वेगळे असू शकतात आणि दोन्ही एकमेकांना लागून असतात, त्यामुळे आज कुठल्या जमिनीवर उभे आहात ते नकाशात बघूनच मग काय ते करा.

सॅक्रामेंटोच्या रेफ्युजवर अजून एक, पार्किंग सोडून आत निघालात की जवळ २५ पेक्षा जास्त काडतुसं नकोत. पहिल्यांदा वाटलं हे काय, पण आता पटतं. ज्याच्याकडे शंभर काडतुसं असतात तो उंचावरून जाणाऱ्या थव्यावर उगाच हवेत बार टाकत बसतो, त्याला इथे स्काय बस्टिंग म्हणतात आणि ती शिवी आहे. स्टीलच्या छऱ्याने चाळीस यार्डांपुढे पक्षी बहुतेक जखमीच होतो, मरत नाही. पंचवीसमध्ये माणूस शिस्तीत राहतो.

रेफ्युजच्या बाहेर, पण कडेला

खरी गंमत इथे आहे. रेफ्युजला लागून असलेल्या भातशेतात खासगी ब्लाइंड असतात, शेतकरी सीझनभरासाठी भाड्याने देतात, आणि जितका रेफ्युजच्या जवळ तितका भाव चढा कारण पक्षी दिवसभर बंद भागात बसून राहतात आणि चरायला बाहेर पडतात. लोकांना वाटतं कुंपणाबाहेर आलो म्हणजे सुटलो. रेफ्युजचे २५ काडतुसांसारखे नियम तिथे नाहीत हे खरं, पण स्थलांतरित पक्ष्यांचा फेडरल कायदा, १९१८ चा, तो खासगी शेतातही तितकाच लागू. प्लग, शिसं, वेळ, आमिष, सगळं.

आमिषाचं नीट समजून घ्या कारण यात माझीच फजिती झालेली आहे. दाणे टाकून बदकं बोलावणं आणि त्यावर शिकार करणं बंद. पण भातशेतात तर दाणे पडलेलेच असतात, मग? नेहमीच्या पद्धतीने कापणी झाली आणि त्यात दाणे सांडले, तर चालतं. उभ्या पिकात पाणी सोडलं, चालतं. पण न कापलेलं उभं पीक मुद्दाम आडवं पाडलं, तुडवलं, दाणे खाली झडवले आणि तिथे बदकांच्या शिकारीला बसलात की ते आमिष झालं. आणि ब्लाइंडबद्दल तर नियमात वेगळं लिहिलेलंच आहे, पिकाचा पेंढा ब्लाइंड झाकायला वापरा, हरकत नाही, पण त्यातून दाणा सांडता किंवा उघडा पडता कामा नये.

माझा दुसरा की तिसरा सीझन असेल. शेजारचा एक म्हातारा, जन्मभर याच भागात शिकार केलेला, त्याच्याबरोबर मी एका शेतात गेलो होतो. ब्लाइंड झाकायला मी मोठ्या हौसेने बांधावरच्या भाताच्या पेंढ्या आणल्या, आमच्याकडे गंजी लावतात तशा नीट लावल्या, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली की शेतकऱ्याचा पोरगा आहे म्हटलं, पेंढी बांधणं रक्तात आहे. म्हातारा आला, एक पेंढी उचलली आणि काही न बोलता माझ्या टोपीवर झटकली. टपटप दाणे. लोंब्या तशाच होत्या आत. मशीनने बांधाच्या कडेचं कापलंच नव्हतं, त्यातलं मी उचलून आणलेलं. झालं, सगळ्या पेंढ्या काढल्या, पाण्यात पडलेले दाणे जाळीने गोळा केले, आणि तरी त्या दिवशी शिकार नाहीच, कारण आमिष पूर्ण काढल्यावरही पुढचे दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते. दहा दिवस. म्हातारा ब्लाइंडच्या काठावर बसून सँडविच खात होता आणि मी गुडघाभर पाण्यात भाताचे दाणे वेचत होतो, आई बघती तर म्हणाली असती की एवढी मेहनत शेतात केली असतीस तर.

म्हणून कोणाचा ब्लाइंड भाड्याने घेताना किंवा पाहुणा म्हणून जाताना विचारा, इथे गेल्या दोन आठवड्यांत कोणी काही टाकलंय का? आणि नुसतं विचारून थांबू नका, बांधावरून एक चक्कर मारा, कारण कायदा असं बघतो की तुम्हाला माहीत होतं का, किंवा नीट बघितलं असतं तर माहीत व्हायला हवं होतं का. "मला काय माहीत, मालकाने टाकलं असेल" हे दुसऱ्या भागात अडकतं. आमिष किती यार्डांवर असलं तर चालतं याचा ठरलेला आकडा नाही, त्या दाण्यांमुळे पक्षी तुमच्या अंगावरून येत असतील तर तुम्ही अडकलात.

जागा ठरवताना

बदक उतरतं ते वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून, विमानासारखं. म्हणून ब्लाइंड असा हवा की वारा तुमच्या पाठीवर, डिकॉय समोर, मग पक्षी समोरून तुमच्याकडे येत उतरतात. सूर्य पण शक्यतो पाठीमागे. हे कोणीही सांगेल. रेफ्युजच्या कडेला मात्र अजून एक प्रश्न विचारायचा, पक्षी पडला तर कुठे पडेल?

कारण मारलेला किंवा जखमी पक्षी शोधायचा मनापासून प्रयत्न करणं हे कायद्याने तुमच्यावर आहे, आणि त्याच वेळी रेफ्युजच्या बंद भागात पाय टाकायचा नाही हेही तुमच्यावर आहे. पक्षी कालव्यापलीकडे बंद बाजूला पडला की तुम्ही या दोन नियमांच्या मध्ये चिमटीत. जखमी पक्षी पंख ताणून बराच लांब तरंगत जातो, शे-दोनशे यार्ड सहज. माझी एक तलवार बदक अशीच गेली. आपल्याकडे जायकवाडीवर, भिगवणला दिसते तीच जात, लांब टोकदार शेपटीची, इथे पिनटेल म्हणतात, फक्त ती मध्य आशियाच्या वाटेने आपल्याकडे येते आणि ही पॅसिफिकच्या कडेने खाली येते. कालव्याच्या पलीकडे साठ-सत्तर पावलांवर पडली, समोर दिसत होती, कुत्रा सोडू का म्हणून म्हाताऱ्याला विचारलं तर तो नाही म्हणाला. रेफ्युजच्या ऑफिसला फोन केला, सकाळी कोणी उचलला नाही, आणि तासाभरात एक भोवत्या ससाणा तिच्यावर येऊन बसला. ती मी माझ्या त्या दिवसाच्या मोजणीत धरली. पुढच्या आठवड्यात ब्लाइंड दुसऱ्या बांधावर नेला, पक्षी कमी येतात तिथे, येऊ देत.

तेव्हा कडेला बसायचंच असेल तर डिकॉय हद्दीपासून जितके आत घेता येतील तितके घ्या, हद्दीकडे जाणाऱ्या पक्ष्यावर बार टाकू नका, आणि कुत्रा हाकेला थांबणारा नसेल तर घरी ठेवा, त्याला कालवा आणि बोर्ड वाचता येत नाही. पक्षी बंद भागात पडला तर कोणाला फोन करायचा तो नंबर आदल्या दिवशीच विचारून ठेवा, पहाटे सहाला गूगल करत बसू नका. कॅलिफोर्नियात राहत्या घराच्या किंवा त्याच्या गोठ्या-शेडच्या १५० यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही आणि रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे तर कधीच नाही, आणि भातशेतात घर लांब वाटतं पण पंपाच्या शेडमागे कोण राहतं ते धुक्यात दिसत नाही. इथलं धुकं म्हणजे टूली फॉग, हात लांब केला तर बोटं दिसेनात असं. धुक्यात मी बंदूक रिकामी करून चहा पितो.

दुसऱ्या शिकाऱ्याच्या किती जवळ बसायचं, याला मोकळ्या भागात मी स्वतः निदान दोनशे पावलं सोडतो. तो आधी आला असेल तर त्याच्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जाऊन त्याचे पक्षी अडवायचे नाहीत, यावरून पार्किंगमध्ये हमरीतुमरी झालेली मी बघितलीय.

पाण्यावर तरंगणारे ब्लाइंड

होडीवर ब्लाइंड करायचा असेल तर दोन गोष्टी. मोटर बंद आणि होडी तिच्या जोराने पुढे जायची थांबल्याशिवाय बार नाही. आणि सिंकबॉक्स बंद. सिंकबॉक्स म्हणजे पाण्याच्या पातळीखाली माणूस लपेल असा तरंगता खोका, पूर्वी चेसापीक खाडीत त्यात झोपून शेकड्यांनी बदकं मारायचे, १९३५ साली तो बंद झाला, त्याच वर्षी जिवंत बदकं बांधून डिकॉय म्हणून वापरणंही बंद झालं. बांधातला पुरलेला पिट ब्लाइंड वेगळा, तो जमिनीत आहे, तरंगत नाही, तो चालतो. आवाजाचंही तसंच, तोंडाने शिट्टी वाजवा, बदकासारखं ओरडा, पण रेकॉर्डिंग लावायचं नाही, फोनवरून पण नाही. आणि पंख फिरवणारे बॅटरीचे डिकॉय कॅलिफोर्नियात ३० नोव्हेंबरपर्यंत बंद असतात, त्यानंतरच लावा.

पूर्वेकडच्या मंडळींसाठी एक ओळ जास्त, कारण व्हर्जिनियात आपली बरीच माणसं आहेत. तिथे सार्वजनिक पाण्यात उभा ब्लाइंड ठोकायला वेगळं लायसन्स लागतं, किनाऱ्याच्या जमीनमालकाचा हक्क आधी येतो, आणि दुसऱ्याच्या लायसन्सवाल्या ब्लाइंडपासून ५०० यार्डांच्या आत त्याच्या संमतीशिवाय काही करता येत नाही. शिवाय बॅक बे रेफ्युजच्या भोवती साधारण ४,६०० एकर उघडं पाणी १९३९ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने पाणपक्ष्यांच्या शिकारीला बंद आहे. पाणी तुमच्या समोर मोकळं पडलंय, कुंपण नाही, आणि तरी बंद. म्हणजे नुसता जमिनीचा नकाशा बघून भागत नाही.

वेळ आणि परत येणं

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत. समजा सूर्योदय ७:२० चा तर ६:५० ला पहिला बार. एक मिनिट आधी नाही. अंधारात बदकं कानावरून सूं करत जातात, डिकॉयमध्ये उतरतात, पोहतात, आणि शेजारच्या ब्लाइंडमधून कोणीतरी घाई करतो, त्याच्याकडे बघून आपण करायची नाही. मी फोनवर त्या जागेचा सूर्योदय लावून अलार्म ठेवतो, शहराचा नाही, त्या जागेचा. शिवाय तेवढ्या उजेडात जात ओळखता यायला हवी कारण दिवसाच्या एकूण मर्यादेच्या आत काही जातींची वेगळी मर्यादा असते, ती वर्षागणिक बदलू शकते, म्हणून चालू सीझनचं बुकलेट फोनमध्ये उतरवून घ्या, रेंज तिथे असेलच असं नाही. थापट्या ओळखायला सोपा, चोच बघितली की झालं, त्याला इथे स्पूनी म्हणून हिणवतात आणि खायला नाक मुरडतात, माझ्याकडे काळ्या मसाल्यात दोन तास शिजला की कोणी जात विचारत नाही.

घरी आणताना प्रत्येक बदकाचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख तसाच ठेवायचा, घरी पोचेपर्यंत, म्हणजे वाटेत कोणी थांबवलं तर जात कळते. सगळं साफ करून पिशवीत नुसतं मांस घेऊन आलात तर उत्तर देता येणार नाही. दुसऱ्याची बदकं तुमच्या गाडीत नेत असाल तर त्यावर त्याची सही, पत्ता, तारीख आणि कुठल्या जातीचे किती पक्षी याची चिठ्ठी हवी.

निघताना रिकामी काडतुसं वेचा, स्वतःची आणि हाताला लागतील ती दुसऱ्यांचीही, प्लास्टिकची असतात आणि पाण्यावर तरंगत बसतात. डिकॉय मोजून भरा, मी एक डझन नेतो आणि अकरा आणतो असं दोनदा झालंय, बारावा शोधायला परत गेलो. मग चेक स्टेशनवर पक्षी दाखवायचे, मोजायचे, आणि सकाळी दिलेलं परमिट परत करायचं. हे शेवटचं थकल्यावर हमखास विसरतं. मागच्या जानेवारीत मी हीटर लावून, गाणी लावून, विलोजला गॅस स्टेशनवर कॉफी घ्यायला थांबलो, खिशात हात घातला तर परमिट. कॉफी तशीच ठेवली आणि गाडी वळवली.